सासूबाईंचा उजवा हात आणि तारांची कडी

विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश मोजायच्या कामातली एक वस्तू काही महिने आमच्या घाटकोपरच्या घरात, सासूबाईंच्या दिवाणासमोर, बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या फळीवर मुक्कामाला होती. यात आमच्या घराचा काही मोठेपणा नाही. मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेच्या छताचं प्लास्टर कोसळलं. खोलीला कुलूप लागलं आणि दुरुस्ती आपल्याकडे सुरू होते तशी सुरू झाली, म्हणजे दोन बांबू उभे राहिले आणि माणसं निघून गेली. माझं काम थांबण्यासारखं नव्हतं. रीतसर परवानगी काढून मी ती वस्तू जुन्या चादरीत गुंडाळली आणि रिक्षाने घरी आणली. रिक्षावाल्याने विचारलं, "चाळण आहे का मॅडम?" मी हो म्हटलं. भेटेल त्याला विश्वाची उत्पत्ती सांगत बसायला मला वेळ नसतो.

दिसायला ती चाळणीसारखीच होती. मोठ्या परातीएवढी ॲल्युमिनियमची गोल कडी आणि तिच्या एका काठापासून समोरच्या काठापर्यंत ताणलेल्या, एकमेकींना समांतर, केसासारख्या बारीक टंगस्टनच्या तारा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना सारखं वजन लटकवायचं, ते डुलायचं थांबलं की तार काठाला चिकटवायची, आणि गोंद वाळेपर्यंत कोणी पंखा लावायचा नाही. घाटकोपरात पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

सासूबाई दिवाणावरून हे सगळं बघत होत्या.

"ह्या काय गो? पापड वाळवूक आणलंस?"

त्या मूळच्या मालवणकडच्या. उभं आयुष्य मुंबईत गेलं तरी त्यांनी बोलणं बदललं नाही. मी साताऱ्याची, म्हणून त्यांच्या लेखी 'घाटावरची', आणि घाटावरच्या माणसाला मासे आणि भाषा दोन्ही कळत नाहीत असं त्यांचं ठाम मत. माशांच्या बाबतीत ते खरं आहे.

त्या दिवशी मी ठरवलं की यांना नीट सांगायचं. वर्गातल्या मुलांना सांगते तसं नाही, खरंखुरं सांगायचं. म्हटलं, "आई, विश्व अगदी नवं होतं ना, तेव्हा सगळीकडे तापलेलं दाट धुकं होतं. प्रकाश त्यातच ठेचकाळत होता. मग धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा सुटला. तो अजून येतोय. आता इतका निवलाय की डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राला कळतो."

"खयसून येता?"

"सगळीकडून."

"घाटकोपरात पण?"

"घाटकोपरात पण."

"मगे तुमी ता यंत्र डोंगरावर कित्याक लावलास?"

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या गटाची दुर्बीण हिमालयापलीकडच्या एका उंच, कोरड्या पठारावर उभी राहत होती. मी सांगितलं की इथल्या हवेत पाणी फार, ते मधे येतं. सासूबाईंना हे लगेच पटलं. "ता खरा. हयच्या हवेत पापड पण वाळणत नाय," म्हणाल्या.

पुढची गोष्ट सांगायला मी गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीचं एक टोक सोडलं आणि हातात धरून हलवलं, आधी वरखाली, मग आडवं. प्रकाशाची लहरसुद्धा अशी एखाद्या दिशेने डोलते, म्हटलं. एरवी सगळ्या दिशांची सरमिसळ असते. पण धुक्यातून सुटताना शेवटचा जो धक्का बसला, त्याने या जुन्या प्रकाशाला किंचित कल दिला. एका दिशेला तो जरा जास्त डोलतो. कल कुठे कसा आहे हे मोजलं की तेव्हा काय घडलं त्याचा माग लागतो.

"किती जास्त डोलता?"

"अगदी नाहीच म्हणाल इतका."

"आणि तेच्यासाठी तू सकाळपासून उपाशी," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी मी खरंच जेवले नव्हते.

कडीचं काम मात्र त्यांना माझ्याआधी कळलं, असंच म्हटलं पाहिजे. मी सांगत होते की दुर्बीण स्वतःच जराशी तिरकी बसली असेल तर तिला वाटेल आकाशच तिरकं आहे. म्हणून मधूनमधून तिच्या तोंडासमोर ही कडी धरायची. हिच्या तारांची दिशा आपल्याला पक्की ठाऊक असते आणि तारांवरून येणाऱ्या लहरी तारांच्याच दिशेने डोलतात. कडी फिरवत जायची आणि यंत्र काय सांगतं ते बघायचं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "आरशात बघून टिकली सरळ करतत, तसा." तेव्हापासून वर्गात मी हेच सांगते, आणि कोणाचं आहे तेही सांगते.

त्या लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, चढवायचं, तुटलं की गाठ मारायची. धावत्या सुतावर बोट ठेवलं की जाडसर जागा कळते, गाठ आली की कळते, असं त्या सांगायच्या. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण सवय गेली नाही. काहीही ताणलेलं दिसलं की त्यांचा उजवा हात त्यावरून फिरायचाच. दोरीवरची साडी, नवी सतरंजी, नातेवाइकांच्या लग्नातला मांडवाचा कापडी पडदा. माझ्या लग्नात त्यांनी माझ्याआधी माझ्या शालूवरून हात फिरवला होता. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की त्या माणसांनाही तसाच हात लावतात, आणि मग मी ज्या दिवशी दमून यायचे त्या दिवशी मुद्दामच त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले.

तो हात एका सकाळी गेला. चहाचा कप सुटला, तोंड जरासं वाकडं झालं, आम्ही पळापळ केली. वेळेत पोचलो. पाय सुधारला, तोंड सरळ झालं, जीभ तर एक दिवसही थांबली नाही. इस्पितळातल्या नर्सला त्यांनी मालवणीत जे सुनावलं, ते तिला कळलं नाही हे आमचं नशीब. उजवा हात हलायला लागला, पण त्याला काही कळेना. वस्तू धरली तर पकड बसायची, पण डोळे मिटले की हातात काय आहे ते सांगता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हात काम करतोय, फक्त वर खबर पोचत नाहीये. पोचेल कदाचित. पहिल्या काही महिन्यांत जेवढं यायचं तेवढं येतं, पुढे सांगता येत नाही.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोणाला न विचारता बिडाचा तवा चढवला आणि घावणे घालायला घेतले. मी बाहेर पेपर तपासत होते. वास आला तो घावण्याचा नव्हता. आत जाऊन बघते तर उजव्या हाताची दोन बोटं तव्याच्या काठाला टेकलेली आणि सासूबाई डाव्या हाताने पीठ ढवळताहेत, निवांत.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, आयुष्यात पहिल्यांदा आईपुढे आवाज चढवला. "आई, ज्या दिवशी हाताला चटका कळेल त्या दिवशी गॅस तुझा. तोपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाय."

सासूबाई मुकाट्याने दिवाणावर जाऊन बसल्या. हे अशुभ लक्षण होतं. दुसऱ्या दिवशी मी घावणे केले. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "पायपुसणा बरा झाला." पण खाल्ला नाही. त्यांना तसं दिवाणावर बसून माझं करपलेलं जेवण जेवताना बघणं मला अजिबात सहन व्हायचं नाही. ज्या बाईने गिरणीची पाळी करून आल्यावर घरातल्या आणि गावाहून आलेल्या सगळ्यांची ताटं वाढली, तिला पाणीसुद्धा दुसऱ्याने आणून द्यायचं.

एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली, मागच्याच कॉलनीतली, हसतमुख आणि कडक. तिने एक स्टीलचं पातेलं तांदळाने भरलं आणि त्यात वस्तू पुरल्या: चावी, सुपारी, बटण, लसणाची पाकळी. डोळ्यांवर ओढणी बांधायची, उजवा हात तांदळात घालायचा आणि काय लागलं ते सांगायचं. हाताला पुन्हा शिकवायची ती पद्धत आहे म्हणे. सुरुवातीला सासूबाईंना काहीच सांगता यायचं नाही. मग एक दिवस चावी ओळखली. मग सुपारी. महिन्याभराने तर ती मुलगी वस्तू पुरता पुरता दमायची. "आजी, तुम्ही एकदम झकास चाललाय," ती म्हणाली. "रविवारी मी येते, गरम-थंड बघू, आणि मग गॅस चालू."

घरात सण असल्यासारखं झालं. नवऱ्याने नारळ आणले. सासूबाईंनी तांदूळ भिजवायची वेळसुद्धा ठरवून टाकली.

आणि रविवारच्या आधी, एक दिवस मी कॉलेजातून घरी आले तर कडीची एक तार वाकली होती.

ती कडी मी पांढऱ्या धुवट सुती साडीखाली झाकून ठेवायचे, कारण शेजारची बिल्डिंग पाडायचं काम सुरू होतं आणि धूळ सगळीकडे. साडी बाजूला झाली होती. मधली एक तार खाली दबलेली, तिच्या शेजारची तुटलेली, आणि काठावर रक्ताचा बारीक थेंब. सासूबाई दिवाणावर बसून टीव्ही बघत होत्या. त्यांच्या पदरालाही लाल ठिपके होते. मी त्यांचा उजवा हात उलटा केला. मधल्या बोटाच्या पेरावर तारेने सरळ चीर पाडली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

त्यांनी हाताकडे बघितलं, मग कडीकडे. "मी नुसतो हात फिरवलंय," म्हणाल्या. "कसा झाला बघूक."

कडी अजून पुरी व्हायची होती. तार पुन्हा लावता आली असती, तिचं मला काही नव्हतं. पण सुपारी आणि लसणाची पाकळी ओळखणाऱ्या बोटाला ही चीर कळली नाही, हे काही केल्या जुळेना. मी बोटाला पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी फिजिओवाली आली तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहिले. आणि मला दिसलं. पातेलं हलू नये म्हणून सासूबाई ते डाव्या हाताने धरत होत्या. धरता धरता डाव्या हाताची बोटं काठावरून आत तांदळात उतरत होती. उजवा हात एखाद्या वस्तूजवळ पोचला की डावा तिथे आधीच हजर. शिवाय चावी पातेल्याला लागून टिणकन वाजायची, आणि उत्तर जवळ आलं की ती पोरगी "हं... हं..." करायची. उजव्या हाताच्या नावाने दुसरेच सगळे बोलत होते.

आमच्या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. जो कल मोजायचा तो अगदी क्षीण. त्याच्याभोवती बाकीचं सगळं भरपूर आणि जोरदार. त्या भरपुरातलं थोडंसं जरी चुकून आत झिरपलं, तरी यंत्र आनंदाने सांगतं की कल सापडला. माणसंही आनंदाने मान्य करतात, कारण त्यांना तो सापडायलाच हवा असतो.

ती मुलगी गेल्यावर मी सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्याच म्हणाल्या, "बघितलंस ना?"

"हो."

"पयल्यांदा हात आपोआप गेलो गो. पातेला धरूक. मगे माका पण वाटूक लागला, उजव्या हाताक कळता म्हणान. खरा सांगतंय. माका खराच वाटला." त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "मेलो गो माझो हात."

मी त्यांना रडताना याआधी एकदाच बघितलं होतं, सासरे गेले तेव्हा. अशा वेळी मी कामाचं बोलते. मी त्यांना सांगायला लागले की काही वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटलं होतं, त्या जुन्या प्रकाशात त्यांना हवी असलेली खूण सापडली. जगभर गाजावाजा झाला. नंतर कळलं की त्यातलं बरंचसं आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचं होतं. धूळसुद्धा तसाच कल देते. ते काही लबाड नव्हते, चांगली माणसं होती. त्यांनाही खरंच वाटलं होतं.

सासूबाईंनी डोळे पुसले. "धूळ?"

"धूळ."

"एवढी शिकलेली माणसा, आणि फडको नाय मारलो?"

मी इतकी हसले की त्यांनाही हसावं लागलं. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "तू घे माझी परीक्षा. माका फसवूक येवचा नाय, अशी घे."

रविवारचा बेत मोडला. फिजिओवालीला मी सगळं सांगितलं. ती आधी ओशाळली, मग सासूबाईंना म्हणाली, "आजी, यार, तुम्ही माझी पण वाट लावलीत," आणि पुढच्या परीक्षेची आखणी आम्ही तिघींनी मिळून केली. माझ्याकडे एक जुनी फेकायची कडी होती. नवरा मासे आणायला माहुलला जायचा, त्याच्याकडून जाड तंगूस मागवली, मासेमारीची नायलॉनची दोरी, म्हणजे बोट कापायला नको. ती मी कडीवर थोड्या थोड्या अंतरावर ताणून बांधली आणि मधली दोरी जिथे काठाला मिळते तिथे, दोऱ्यांची दिशा दाखवायला, कुंकवाचा ठिपका दिला.

पद्धत अशी. मी आणि सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसायचं. नवऱ्याने कडी परातीत ठेवायची, दोऱ्या आडव्या किंवा उभ्या, त्याच्या मनाला येईल तशा, आणि वर टॉवेल टाकून गॅलरीत निघून जायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. मलाही ठाऊक नाही, म्हणजे माझं "हं हं" पण बंद. मग सासूबाईंनी टॉवेलखाली उजवा हात घालून सांगायचं, आडवी की उभी. डावा हात कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्या त्याच्यावर बसायच्या.

निकाल भयंकर होते. नाणं उडवून जितकं बरोबर आलं असतं तितकंच यायचं. कधी ओळीने तीन बरोबर आली की मी मनातल्या मनात नारळ आणायचं ठरवायचे, आणि मग ओळीने तीन चुकायची. "आडवी," त्या छातीठोकपणे म्हणायच्या, मी टॉवेल उचलायचे, कडी उभी. "तुझ्या घोवान मधेच फिरवली," म्हणायच्या. घोव म्हणजे नवरा. तो गॅलरीतून ओरडायचा, "आई, मी हातपण नाय लावला!" फिजिओवाली ब्रशने, खरखरीत कापडाने हात घासून घ्यायची. बाकीच्या दिवशी ते काम माझ्याकडे. त्यांचा तो जड, गार हात मांडीवर घेऊन मी कपडे धुवायच्या ब्रशने हळूहळू घासायचे आणि त्या मला कॉलेजातल्या बायकांच्या भानगडी विचारायच्या. खरं सांगायचं तर लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आम्ही एकमेकींशी इतकं बोललो नव्हतो. हात बरा होईल ही आशा मी मनातून जवळजवळ सोडली होती, आणि तरीही ती संध्याकाळची वेळ मला दिवसभर हवीशी वाटायची.

दरम्यान कॉलेजच्या छताला एकदाचं प्लास्टर लागलं. खरी कडी तिथे पुरी झाली, तपासून पेटीत बसली आणि पठारावर रवाना झाली. घरी फक्त तंगूसवाली उरली. सासूबाई म्हणायच्या, "तुझी कडी हिमालयात गेली, माझी परातीत रवली."

मग एक संध्याकाळ आली. माहुलकडून वारा होता, रिफायनरीच्या वासाने खिडकी लावून घेतली होती. नवऱ्याने कडी ठेवली, टॉवेल टाकला आणि त्याचा फोन वाजला म्हणून तो गॅलरीत पळाला. आम्ही वळलो. सासूबाई डाव्या हातावर बसल्या. उजवा हात टॉवेलखाली गेला, आणि तिथेच थांबला.

"बोला आई. आडवी की उभी?"

हात हळूहळू फिरत होता, टॉवेलवर त्याचा उंचवटा दिसत होता, एकदा असा, एकदा तसा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळाला आठी.

"आडवी नाय."

"म्हणजे उभी."

"उभी पण नाय. तिरकी आसा."

"आई, तिरकी नसतेच. दोनच पर्याय आहेत. आडवी नाहीतर उभी."

"मगे तुझो पेपर चुकलो," त्या म्हणाल्या. "तिरकी आसा. हयसून थय." आणि त्यांनी डावा हात मांडीखालून ओढून काढला आणि हवेत एक तिरकी रेघ मारून दाखवली, उजव्या खालच्या कोपऱ्यापासून डाव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत.

मी टॉवेल उचलला. कुंकवाचा ठिपका वर नव्हता आणि बाजूलाही नव्हता. तो दोन्हींच्या मधे होता, वर डावीकडे. दोऱ्या तशाच तिरक्या पडल्या होत्या, त्यांनी रेघ मारली अगदी तशा.

मी नवऱ्याला हाक मारली. तो फोन कानाला धरूनच आला. "अरे, कशी ठेवली होतीस?" तो कडीकडे बघत म्हणाला, "आडवी ना? फोन आला म्हणून घाईत टाकली गं. सरकली काय?"

ती तिरकी आहे हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला नाही, मला नाही. ती फक्त त्या पाच बोटांना कळली होती. मला रडू कोसळलं आणि मी ते लपवलं नाही. सासूबाईंचा हात अजून कडीवरच होता. त्या हाताकडे बघत होत्या, गावाहून कोणी न कळवता दारात येऊन उभं राहिलं की बघावं तशा.

"परत ठेव रे," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि झिला, फोन बंद कर."

त्या दिवशी सगळी उत्तरं बरोबर आली नाहीत, पण पुष्कळ आली. पुढच्या आठवड्यात आणखी आली. फिजिओवालीने मात्र बजावलं की स्पर्श आणि चटका वेगवेगळ्या वाटांनी वर जातात. स्पर्श कळला म्हणून चटका कळेलच असं नाही. तिने गरम आणि गार पाण्याच्या वाट्या घेतल्या आणि त्याच रीतीने, टॉवेलखाली, आमच्यापैकी कोणाला न सांगता ठेवायला सुरुवात केली. ते उशिरा आणि कुरकुरत आलं. कोमट तर त्यांना अजूनही नीट कळत नाही. पण एक दिवस ती मुलगी म्हणाली, "चला आजी. कोणीतरी बाजूला उभं राहा, आणि करा चालू."

सासूबाईंनी आदल्या दिवशी तांदूळ भिजत घातले. सकाळी मी त्यांच्या शेजारी उभी होते. तवा चढवता चढवता त्यांनी विचारलं, "तुझ्या जुन्या प्रकाशाचो कल कळलो काय?"

"कुठे आई! आत्ताशी कडी बसवतायत. पुढे वर्षं लागतील."

"लागांदे. घाई करू नको. मगे परत धूळ गावात." म्हणजे परत धूळच सापडेल.

पीठ पडलं, चर्र झालं, जाळी धरली. पहिला घावणा उलटायला त्यांनी जुन्या सवयीने काठ बोटाने उचलला, उजव्या हाताच्या बोटाने. मी पुढे व्हायच्या आत त्यांनी हात झटक्यात मागे घेतला.

"आई गे! पोळला गो, पोळला!"

एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आतून नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला. सासूबाई ते बोट वर धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी गॅस बारीक केला. नवऱ्याने फ्रिज उघडला आणि बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटायला लागला.

"नको रे," सासूबाई म्हणाल्या. "जरा दुखांदे."